थांबवू नये

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर मी किती वाजता आलो आणि किती वाजता गेलो हे लिहून ठेवणारं माणूस मला सबंध नोकरीत एकच भेटलं. आष्ट्याच्या डॉक्टरबाई. पहिल्यांदा त्यांच्या दवाखान्यात गेलो तेव्हा त्यांनी कार्ड हातात घेतलं, मनगटावरचं मोठ्या तबकडीचं पुरुषी घड्याळ बघितलं आणि कार्डाच्या मागं लिहिलं, 'आले अकरा वीस.' मग मला रांगेत बसायला सांगितलं. मी पेशंट नाही, हॉस्पिटलकडून आलोय, असं म्हटल्यावर म्हणाल्या, ते तपासल्यावर कळेल.

खोकणारी एक म्हातारी आणि पाय सुजलेला एक शेतकरी यांच्या मधोमध मी पाऊण तास बाकावर बसलो. नंबर आल्यावर बाईंनी खरोखरच माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. प्रेशर वाढलेलं निघालं. 'मीठ कमी कर,' त्या म्हणाल्या, 'आणि ही नोकरी सोडता आली तर सोड.' कार्डावर 'गेले बारा दहा' असं लिहून त्यांनी ते टेबलाच्या खणात टाकलं. आमच्या हॉस्पिटलबद्दल मी तोंडपाठ केलेलं एक वाक्यही बोलून झालं नव्हतं.

मी मूळचा कडेगाव तालुक्यातला. घरी ऊस, थोरला भाऊ फौजेत. मी बी. कॉम. होऊन सांगलीला एका खासगी हॉस्पिटलात पीआरओ म्हणून लागलो. हे हॉस्पिटल पूर्वी एका डॉक्टरांचं होतं. ते थकले, मुलं परदेशात राहिली, तेव्हा पुण्याच्या एका कंपनीनं ते विकत घेतलं, वर दोन मजले चढवले आणि खाली काचेचं दार बसवलं. लोकांना वाटतं पीआरओ म्हणजे पेशंटच्या नातेवाइकांशी गोड बोलणारा माणूस. ते वरवरचं. खरं काम गाडी काढून गावोगाव फिरायचं. आटपाडीपासून आष्ट्यापर्यंत जितके लहान डॉक्टर आहेत त्यांच्याकडं जायचं, त्यांच्या मुलांची नावं लक्षात ठेवायची आणि त्यांनी पाठवलेल्या पेशंटमागं त्यांचं पाकीट वेळेवर पोचवायचं. पाकिटाला आम्ही कट म्हणत नव्हतो, 'सन्मान' म्हणायचो. शाळेत मोफत तपासणीचा कॅम्प घ्यायचा, तिथं शंभर जणांचा ईसीजी काढायचा आणि त्यातल्या दहा जणांना घाबरवून सांगलीला आणायचं, हेही माझंच काम. मी ते चांगलं करायचो. खेड्यातला असल्यामुळं कुणाशी कसं बोलावं हे मला कळायचं.

बाई मूळच्या वाईच्या. लग्न केलं नव्हतं. आष्ट्याला का आल्या हे कुणालाच नीट माहीत नव्हतं, पण तीस वर्षं तिथं होत्या. दवाखान्याच्या दोन खोल्या, वर राहायची एक. बोलणं वाईचं, शुद्ध. पेशंटशी मात्र अर्धं त्यांच्यासारखं बोलायच्या. कुणी आत येता येता 'बाई, मला गॅस झालाय' म्हणालं की चिडायच्या. दुखतंय कुठं ते तू सांग, झालंय काय ते मी सांगते, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सलाईन लावा म्हणून हट्ट धरणाऱ्याला त्या आतून स्टीलच्या पेल्यात मीठ-साखरेचं पाणी आणून द्यायच्या. 'हे तेच हाय. फक्त तोंडानं जातं.' पेशंट नाराज होऊन पुढच्या गल्लीत जायचा, तिथं सलाईन लावून घ्यायचा आणि आठ दिवसांनी परत बाईंकडंच यायचा.

मोठ्या हॉस्पिटलला पाठवायची वेळ आली की त्या चिठ्ठी लिहायच्या आणि ती मराठीत असायची. ठळक, सुटी अक्षरं, सातवी शिकलेल्या बाईलाही वाचता यावीत अशी. काय झालंय, आपण काय दिलंय, किती वाजता पाठवलं. खाली, नातेवाइकांनी डॉक्टरांना काय विचारावं ते. 'हे ऑपरेशन आठ दिवसांनी केलं तर चालेल का, ते विचारा.' 'हीच तपासणी सरकारी दवाखान्यात होते का, ते विचारा.' आमच्या डॉक्टरांना या चिठ्ठ्यांचा फार राग यायचा. खेड्यातली माणसं कागद पुढं धरून एकेक प्रश्न वाचायची आणि उत्तर मिळेपर्यंत हलायची नाहीत.

बाईंनी पाठवलेल्या एका म्हाताऱ्याचं आमच्याकडं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ते गरजेचंच होतं. महिन्याभरानं मी रीतीप्रमाणं पाकीट घेऊन गेलो. बाईंनी ते उघडून बघितलं, परत बंद केलं आणि मला बसवून ठेवलं. म्हाताऱ्याचं घर जवळच होतं, त्याला निरोप गेला. तो काठी टेकत आला. बाईंनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि त्याला द्यायला सांगितलं. 'पैसे त्यांचेच आहेत. तुझ्या हातानं दे.' बाकावर आठ-दहा माणसं बसलेली. मी दिलं. म्हाताऱ्याला वाटलं, हॉस्पिटलनं बिलातले पैसे परत केले. त्यानं काठी भिंतीला लावली आणि माझ्या पायाकडं वाकला. माझ्या वडिलांपेक्षा मोठा माणूस. मी त्याला धरून उभं केलं. दुसऱ्या दिवशी तो राहिलेले पैसे कधी मिळतील हे विचारायला थेट सांगलीला आला, आणि आमच्या मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं.

तरी मी बाईंकडं जायचं थांबवलं नाही. दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा नेला, तो त्यांनी माझ्यासमोर फोडून बाकावरच्या माणसांना वाटला. 'खावा. तुमच्यातलंच हाय.' मला दोन बदाम दिले. खरं सांगायचं तर दिवसभरात जी वीस दारं मी वाजवायचो, त्यांत मला खोटं बोलावं लागत नव्हतं असं तेवढं एकच होतं, कारण तिथं मला कुणी बोलूच देत नव्हतं.

बाई चुकायच्याही. एका गवंड्याच्या बायकोचं पोट दुखत होतं, बाईंनी अपचन म्हणून घरी पाठवलं आणि दोन दिवसांनी तिचं अपेंडिक्स फुटलं. ती वाचली. डॉक्टरबाई आठ दिवस रोज एसटीनं सांगलीला येऊन तिच्या कॉटशेजारी बसल्या, आणि जो येईल त्याला आपणहून सांगायच्या, माझं चुकलं, मी तिला थांबवायला नको होतं. डॉक्टरनं असं उघड बोलायचं नसतं. लोकांनी चूक लक्षात ठेवली, आठ दिवस विसरून गेले.

ही गोष्ट मला माहीत होती म्हणूनच पुढं मला ती वापरता आली.

मंगळवार होता. दुपारी जेवून मी कॅज्युअल्टीच्या बाहेर उभा असताना एक जीप आली. आष्ट्याजवळच्या गावचे फौजेतले एक निवृत्त हवालदार, पन्नाशीचे, अंगानं भरदार, चेहरा राखेसारखा झालेला. बरोबर बायको आणि जीप चालवणारा शेजारी. बायकोच्या मुठीत बाईंची चिठ्ठी होती. अक्षर ओळखून मीच ती घेतली. मला ती अजून जशीच्या तशी आठवते. 'एक वाजल्यापासून छातीत दुखतंय. माझ्याकडे एक चाळीसला आले. हार्ट अटॅक आहे, ईसीजी जोडला आहे. गोळ्या दिल्या आहेत. एक पंचावन्नला पाठवले. थांबवू नये.' शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा होत्या. नातेवाइकांसाठी प्रश्न नव्हते.

समोरच्या घड्याळात दोन पस्तीस झाले होते.

ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरनं चिठ्ठी वाचली, ईसीजी काढला आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं ठरवलं. इंजेक्शन महाग होतं. हवालदारांकडं माजी सैनिकांचं कार्ड होतं, पण जुनी बिलं सरकारकडं अडकल्यामुळं त्याच आठवड्यात आमच्या हॉस्पिटलनं ते कार्ड घेणं बंद केलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं डिपॉझिट सांगितलं. बायकोनं गावी दिराला फोन लावला, तो पैशांची जमवाजमव करून निघतो म्हणाला. आष्ट्याचा भाग माझा असल्यामुळं काउंटरवरून मला पुढं केलं. मी मॅनेजरसाहेबांना फोन केला. ते मीटिंगमध्ये होते. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा, पैसे निघालेत ना, मग अर्धा तास थांबायला काय होतंय.

मी त्यावर बोलायला हवं होतं. चिठ्ठीतले शेवटचे दोन शब्द वाचून दाखवले असते तरी चाललं असतं. मी 'ओके सर' म्हटलं, फोन ठेवला आणि हवालदारांच्या बायकोला म्हणालो, होतंय, होतंय. तरुण डॉक्टर दोनदा बाहेर येऊन गेला. दुसऱ्यांदा त्यानं मला विचारलं, इंजेक्शन फोडू का? मी काउंटरकडं बघितलं. काउंटरवरच्या मुलीनं नाही म्हणून मान हलवली. तो आत गेला. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. दीर साडेचारला पोचला, इंजेक्शन चार पस्तीसला सुरू झालं आणि पाच वाजायच्या आत हवालदार गेले.

संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी फाइल मागवली. येण्याची वेळ चार वीस अशी नवीन पानावर लिहिली गेली. मग त्यांनी मला विचारलं, त्या आष्ट्याच्या म्हातारीची चिठ्ठी कुठाय. ती माझ्या खिशात होती. मी काढून दिली. त्यांनी ती फाडली नाही. घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि माझ्यासाठी चहा मागवला.

पुढचं काम मला नीट समजावून सांगावं लागलं नाही. बिल माफ झालं, दिराबरोबर बोलणी झाली. गावात लोक विचारणार, की धडधाकट माणूस दुपारी गेला आणि संध्याकाळी मेलेला कसा आला. त्याला उत्तर हवं होतं. मी दोन दिवस आष्टा आणि आजूबाजूची गावं फिरलो. दूध डेअरीवर बसलो, कटिंगच्या दुकानात बसलो. कुठंही आरोप केला नाही. आमच्याकडं यायला फार उशीर झाला हो, एवढंच म्हणायचो. मग कुणीतरी विचारायचं, उशीर कुठं झाला? मी जरा थांबायचो आणि गवंड्याच्या बायकोचं काय झालं होतं, ते विचारायचो. बाकीचं ते लोक आपसात पुरं करायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. त्यांनी आधी कधी मला फोन केला नव्हता. चिठ्ठी पोचली होती का, एवढंच विचारलं. मी म्हणालो, बघून सांगतो.

त्याच दुपारी पंचवीस-तीस माणसं दवाखान्यावर गेली, दीर पुढं. मी समोरच्या मेडिकलमध्ये उभा होतो. बाई पायरीवर आल्या. हातात पेशंटांची नोंदवही होती. त्यांनी पान उघडून दाखवलं, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. एक जण म्हणाला, हे काय, मागनं बी लिवता येतंय. कुणीतरी वही हिसकावली. मग बोर्ड निघाला, औषधाच्या कपाटाची काच गेली. बाईंना कुणी हात लावला नाही, पण मघाची ती वही गटारात पडली होती आणि बाई खाली उतरून ती काढायला लागल्या. एकाही माणसानं त्यांना वाट दिली नाही. मीही मेडिकलच्या काउंटरमागून बाहेर आलो नाही. वही घेऊन उठताना त्यांनी समोर बघितलं. मी दिसलो की नाही, सांगता येत नाही.

पोलीस आले, पंचनामा झाला. बाईंनी पंधरा दिवसांनी दवाखाना परत उघडला. बाक रिकामं राहायला लागलं. खोकणाऱ्या म्हाताऱ्या यायच्या तेवढ्याच. दोन महिन्यांत आमच्या हॉस्पिटलनं त्याच गल्लीत छोटं क्लिनिक काढलं, पहिला महिना ईसीजी मोफत. वार्षिक फी भरून अख्ख्या घराचं कार्ड काढायची योजनाही तिथूनच सुरू झाली आणि ती फार चालली. तिचं उद्घाटन मीच ठरवलं, फुगे मीच सांगितले. बाई सामान टेम्पोत घालून वाईला बहिणीकडं गेल्या, हेही मला नंतरच कळलं.

हवालदारांची मुलगी त्याच वर्षी आमच्या काउंटरवर कामाला लागली. बोलणी झाली होती, त्यात ते होतं. हुशार, टापटीप पोरगी. रोज सकाळी मला 'गुड मॉर्निंग सर' म्हणायची. पहिल्यांदा मी तिला एका बाईकडं डिपॉझिट मागताना ऐकलं, तेव्हा मी चालता चालता थांबलो. तिचा आवाज अगदी मऊ होता. 'काकू, तेवढं भरलं की लगेच सुरू करतील.' पुढं वर्षभर मी ते ऐकत होतो. एका रविवारी राहवलं नाही, तिच्या गावी गेलो.

तिची आई घरी एकटीच होती. मला ओळखलं, पाणी दिलं. मी प्रवासभर जुळवलेलं सगळं बोललो. चिठ्ठी पोचली होती, तुम्ही दोन पस्तीसला आला होता, बाईंचा काही दोष नव्हता. ती मला मध्येच थांबवत म्हणाली, 'समूरच घड्याळ हुतं, सायेब. मी दोन तास त्येच बगत बसलीवती.'

मला हे कसं सुचलं नव्हतं, कोण जाणे. ती तिथंच बसलेली होती. तिच्याइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं. मग तुम्ही बोलला का नाहीत, असं मी विचारलं. ती म्हणाली, दिरांनी तडजोडीच्या कागदावर सही करून दिल्यावर तिला सांगितलं. तिसऱ्या दिवशी माणसं आष्ट्याला गेली, तेव्हा ती घरात बसून होती, बाहेर पडायची रीत नव्हती. आणि नंतर पोरीच्या नोकरीची ऑर्डर आली.

'आता तुमी काय बोलू नगासा,' ती म्हणाली. 'पोरगी तितं हाय.'

पुढच्या रविवारी मी वाईला गेलो. का गेलो ते अजून नीट सांगता येत नाही. कुणीतरी मला वाईट म्हणावं, असं वाटत असावं.

बहिणीचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. बाईंनीच दार उघडलं. बारीक झाल्या होत्या, केस कापलेले. तांदूळ निवडत होत्या, ताट बाजूला सारून त्यांनी मला खुर्ची दिली. मी इथंही तेच सगळं बोललो, या वेळी चिठ्ठी खिशातून काढून दिली तेही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मला माहीत आहे. हवालदारांची बायको वाईला येऊन गेली होती, वर्षश्राद्धाच्या आधी. पायावर डोकं ठेवून रडली. मुलीला नोकरीवर ठेवू की काढू, असं विचारत होती.

'मग तुम्ही काय सांगितलंत?'

'राहू दे म्हटलं. घर कशावर चालवणार ती? तिचं मला समजतं. तुझं काय?'

त्या उठल्या, आतून एक कोरा कागद आणि पेन आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. जे आत्ता बोललास ते लिही, म्हणाल्या. मुलीचं नाव नको, तिच्या आईचंही नको. पेशंट किती वाजता आला, कुणी थांबवला, चिठ्ठी कुणाकडं दिली. तेवढंच.

मी लिहिलं. आठ-नऊ ओळी झाल्या. त्यांनी चष्मा लावून वाचलं. एके ठिकाणी मी 'दुपारी' असं लिहिलं होतं, तिथं वेळ घालायला सांगितली. मी घातली.

'आता सही कर.'

पुढच्या महिन्यात साताऱ्याच्या नव्या शाखेचा चार्ज मला मिळायचा होता. साहेबांनी तसं तोंडी सांगितलं होतं. बायकोनं साताऱ्याच्या शाळांची चौकशीही केली होती. मी पेन धरून बसलो. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती. बाईंनी घाई केली नाही, समजावलंही नाही. बऱ्याच वेळानं मी पेनला टोपण लावलं.

त्यांनी कागद उचलला, नीट चार घड्या घातल्या आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवला. 'ठेव,' म्हणाल्या. 'तुझा आहे.' मग तांदळाचं ताट परत मांडीवर घेतलं. साताऱ्याची गाडी पाचला आहे, असं आतून त्यांच्या बहिणीनं सांगितलं.

आता दोन वर्षं मी साताऱ्यात आहे. वाई माझ्याच भागात येते, दर आठवड्याला कॅम्पसाठी तिथून जावं लागतं. मागच्या महिन्यात त्यांच्या इमारतीच्या शेजारच्या शाळेतच कॅम्प होता. मी ड्रायव्हरला सामान उतरवायला सांगितलं आणि तब्येत बरी नाही म्हणून गाडीतच बसून राहिलो.